चार पायऱ्या आणि चोवीस फूट : दिव्यांग हक्कांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची इमारत जुनी, तळमजल्यावरच्या लिफ्टपाशी पोचायला चार पायऱ्या चढाव्या लागतात. पक्षाघातानंतर आई व्हीलचेअरवर आहे. रॅम्प मागितला तर कमिटीने सहा फुटी लाकडी फळी टाकून दिली. उतरताना आई डोळे मिटून घेते. "एका घरासाठी एवढंच जमेल," असं सेक्रेटरी म्हणतात. पुढे काय करावं? (दादर)

उत्तर : फळी वापरणं आजच थांबवा. पायरी साधारण १५ सेंटीमीटरची धरली तर चार पायऱ्यांचे ६० सेंटीमीटर होतात. उतार १ ला १२ हवा, म्हणजे १ सेंटीमीटर चढण्यासाठी १२ सेंटीमीटर लांबी. हिशेब ७.२ मीटरवर जातो, जवळपास २४ फूट. तुमच्या फळीचा उतार १ ला ३ पडतो. ढकलणाऱ्याचा हात सुटला तर खुर्ची थेट फाटकाकडे धावेल.

रॅम्प होईपर्यंत पायऱ्यांवरून न्यायचं तर चढताना-उतरताना दोन्ही वेळा आईचं तोंड खालच्या बाजूला हवं. खुर्ची मागच्या मोठ्या चाकांवर कललेली ठेवा. ताकदवान माणूस मागे, वरच्या पायरीवर. दुसरा समोर, खालून चौकट धरून. हात टेकायची दांडी किंवा पाय ठेवायची पट्टी धरू नका, ती ऐनवेळी निखळून हातात येते.

सरळ २४ फूट जागा दादरमध्ये सहसा निघत नाही, पण तशी सरळ हवी असंही नाही. ३.६ मीटरचे दोन तुकडे करून, मधे १.५ मीटर लांबी-रुंदीची सपाट जागा ठेवून, रॅम्प काटकोनात किंवा उलटा वळवता येतो. रुंदी किमान १.२ मीटर. वरच्या टोकाला, दारासमोरही तशीच १.५ मीटरची सपाट जागा लागते आणि नेमकी तीच विसरली जाते. मग उतारावर खुर्ची एका हाताने रोखून दुसऱ्या हाताने दार ओढायची वेळ येते. दोन्ही बाजूंना कठडा, तो रॅम्पच्या टोकांपलीकडे ३० सेंटीमीटर गेलेला, आणि कडेला चाक घसरू नये म्हणून उंचवटा, एवढं नकाशातच दाखवून घ्या.

पृष्ठभागावरून हमखास चूक होते. प्रवेशद्वार शोभावं म्हणून चकचकीत ग्रॅनाइट बसवतात आणि पहिल्याच पावसात चाकं घसरतात. खडबडीत दगड किंवा बारीक रेघा ओढलेलं काँक्रीट बरं. रेघा खोल झाल्या तर पुढची छोटी चाकं अडकतात. पाण्याच्या जाळीच्या फटी चाकांच्या वाटेला आडव्या ठेवा. मुंबईच्या इमारतींत समोरच्या मोकळ्या जागेखाली बहुधा पाण्याची टाकी आणि गटाराचे चेंबर असतात. त्यांची झाकणं रॅम्पखाली गेली तर सहा महिन्यांत तो फोडावा लागेल. अग्निशमन दलाच्या गाडीची वाटही अडता कामा नये. म्हणून नकाशा वास्तुविशारदाकडूनच काढून घ्या, ओळखीच्या मिस्त्रीवर सोडू नका.

आणि लिफ्ट! जुन्या लिफ्टचं जाळीचं दार गोळा होऊन बाजूला राहतं, तेवढी रुंदी कमी होते. दार पूर्ण उघडून उरलेली मोकळी जागा मोजा. मग खुर्ची मोजा, ढकलायच्या कड्यांच्या बाहेरून बाहेरपर्यंत. हे दोन आकडे जुळत नसतील तर रॅम्पवर पैसे खर्च करण्याआधी लिफ्टच्या दाराचा विचार करावा लागेल.

अर्जात "आईसाठी काहीतरी करा" असं लिहू नका. "प्रवेशद्वारापाशी १ ला १२ उताराचा, १.२ मीटर रुंद रॅम्प, सोबतच्या नकाशाप्रमाणे, सोसायटीच्या खर्चाने" असं लिहा. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत जोडा, विषय पुढच्या कमिटी बैठकीत घेण्याची मागणी करा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये 'खासगी आस्थापना'च्या व्याख्येत सहकारी संस्थाही येते, हे अर्जातच नमूद करा. नकार आला तर तो लेखी मागा आणि पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार पाठवा. तरीही आमचं मत असं, की आधी सर्वसाधारण सभेत नकाशा मांडावा. गुडघे दुखणारे सभासद प्रत्येक इमारतीत असतात आणि ते तुमच्या बाजूने हात वर करतात.

प्रश्न : माझ्या उजव्या हाताचं दिव्यांगत्व ३२ टक्के आहे, फार वेळ लिहिता येत नाही. ४० टक्क्यांखाली परीक्षेत लेखनिक (आपण सांगू ते उत्तर लिहिणारा) मिळत नाही हे खरं का? (भांडुप)

उत्तर : नाही. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सांगितलं, की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट घालता येत नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र सरकारने ४० टक्क्यांखालच्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. यात नोकरीतलं आरक्षण मात्र येत नाही. ते ४० टक्के आणि त्यापुढच्यांनाच आहे.

अडतं ते प्रमाणपत्रावर. 'उजव्या हाताचं ३२ टक्के दिव्यांगत्व' एवढ्याने भागत नाही. 'लिहिण्यास अडचण आहे, लेखनिकाची गरज आहे' असं ठरलेल्या नमुन्यात सरकारी रुग्णालयाकडून लिहून हवं. हाडांच्या डॉक्टरांसमोर जाताना पंधरा मिनिटं सलग लिहिलेला कागद सोबत न्या. अक्षर कुठे बिघडतं ते त्यांना दिसू द्या. ऑनलाइन अर्जात लेखनिकाच्या रकान्यात 'हो' निवडायला विसरलात तर परीक्षा केंद्रावर वाद घालून फारसं हाती लागत नाही. लेखनिक स्वतःचा आणायचा की परीक्षा घेणारी संस्था देणार आणि त्याचं शिक्षण किती चालेल, हे त्या-त्या परीक्षेच्या जाहिरातीत वाचा. जादा वेळ तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास.

प्रश्न : मुलगा बौद्धिक दिव्यांग आहे, नुकताच १८ वर्षांचा झाला. बँक आता माझी सही चालवत नाही. मी आई असूनही? (मुलुंड)

उत्तर : हो. अठरा पूर्ण झाल्यावर आईवडिलांचं कायदेशीर पालकत्व संपतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली पालक नेमता येतो. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा. मुलुंड मुंबई उपनगर जिल्ह्यात, म्हणजे वांद्र्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जा. फोर्टच्या मुंबई शहर जिल्हाधिकारी कार्यालयात गेलात तर फेरी वाया जाईल.

नेमणूक झाल्यावर एक काम राहून जातं : सहा महिन्यांच्या आत मुलाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. पालकत्व मिळालं म्हणून सगळेच निर्णय आपल्या हातात घेऊ नका. दुकानातून दूध आणून सुटे पैसे मोजता येत असतील तर तो व्यवहार त्याचाच राहू द्या.

प्रश्न : लोकलच्या दिव्यांग डब्यात गर्दीच्या वेळी धडधाकट माणसं बसलेली असतात. (डोंबिवली)

उत्तर : आरक्षित डब्यात घुसणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १५५ खाली गुन्हा आहे. चालत्या गाडीत वाद घालू नका. गाडीची वेळ, ती कुठून कुठे जाते आणि पुढचं स्टेशन एवढं १३९ या रेल्वे मदत क्रमांकावर सांगा. आपलं दिव्यांगत्वाचं कार्ड हाताशी ठेवा, कारण तपासणी झाली तर ते आधी तुम्हालाच विचारतील. दृष्टी नसलेल्यांनी फलाटावर 'बीप' आवाजाच्या दिशेने उभं राहावं. ज्या फलाटांवर ते यंत्र बसवलंय तिथे दिव्यांग डबा त्याच्यासमोर येतो. यंत्र बंद असेल तर स्टेशन मास्तरांकडच्या तक्रारवहीत फलाट क्रमांकासह लिहा.