स्त्राक्कीनो की क्रेशेन्त्सा?

प्रश्न असा आहे: बालपणीची काही वर्षं मिलानमध्ये गेली. शेजारच्या आजी पावाला पांढरंशुभ्र, मऊ, किंचित आंबूस चीज लावून द्यायच्या. त्या त्याला 'स्त्राकीन' म्हणत, पण वेष्टनावर 'क्रे'ने सुरू होणारं वेगळंच नाव असे. ते चीज नक्की कोणतं?

वेष्टनावर 'क्रेशेन्त्सा' असणार, आणि आजीही बरोबरच होत्या. 'स्त्राक्कीनो' हे मिलान ज्यात येतं त्या लोम्बार्दी प्रांतातल्या चीजांचं कुळनाव. तिथल्या बोलीत शेवटचा 'ओ' गळून त्याचं 'स्त्राकीन' होतं. क्रेशेन्त्सा हे त्याच कुळातलं, जेमतेम आठवडाभर मुरलेलं, बिनसालीचं चीज.

त्या बोलीत 'स्त्राक' म्हणजे दमलेला. उन्हाळाभर आल्प्सच्या कुरणांवर चरलेल्या गाई शरदात पो नदीच्या सखल मुलखात उतरवत. चालून दमलेल्या गाईंचं दूध कमी पण दाट. मुक्कामाच्या गावीच त्या धारोष्ण दुधाचं चीज लावत, ते स्त्राक्कीनो. गोर्गोन्झोला आज निळ्या बुरशीसाठी प्रसिद्ध आहे, पण पूर्वी तेही 'स्त्राक्कीनो दी गोर्गोन्झोला'च होतं. तालेज्जो हाही त्याच कुळातला. हे दोघे स्वतःच्या नावाने मोठे झाले आणि नुसतं 'स्त्राक्कीनो' मऊ, ताज्या चीजाकडे उरलं.

'क्रेशेन्त्सा'चा संबंध 'कार्सेन्त्सा' या लोम्बार्द पावाशी जोडतात: उबेत चीजही कणकेसारखं फुगतं म्हणे. मला हे जरा ओढूनताणून आणलेलं वाटतं. 'वाढणे' या अर्थाचा लातिन धातू मात्र त्यामागे स्पष्ट दिसतो.

दुसरं कोणतं असेल का? रिकोत्ता रवाळ असते, मास्कार्पोने आंबूस नसतं. १९०६ साली निघालेलं 'बेल पाएसे' मऊ खरं, पण त्याच्या चकत्या पडतात. चमच्यावरून ओघळणारं, पियादीना नावाच्या पोळीत भरलेलं आठवत असेल तर ते स्क्वाक्क्वेरोने, पण ते इटलीच्याच रोमान्या या दुसऱ्या मुलखाचं. मिलानच्या आजी ते रोज आणणार नाहीत.

आणि लिहिताना 'स्ट्राचिनो' नको. इटालियनमध्ये 'chi'चा उच्चार 'की' आणि दुहेरी व्यंजन खरोखर दुहेरी उच्चारतात. त्यांचा 't' आपल्या 'त'सारखा दंत्य. इंग्रजीच्या वळणाने 'ट' लिहायची सवय आपल्याला लागली आहे, एरवी देवनागरीत हे नाव सहज मावतं: स्त्राक्कीनो.