जिप्सीचा पुढचा ॲक्सल: ग्रीस मारण्याआधी सील बघा

तुमची गाडी १९९८ ची मारुती जिप्सी किंग. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून कटकट येते, उजव्या चाकाच्या आतून काळं तेल गळतं, आणि मेकॅनिक म्हणतो, ‘ग्रीस मारून देतो, थांबेल.’ थांबणार नाही.

आधी ते काळं तेल दोन बोटांत चोळून वास घ्या. पातळ असेल आणि गिअर ऑइलचा उग्र वास येत असेल, तर ॲक्सलचं आतलं ऑइल सील गेलंय. डिफरन्शियलचं (ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीचं) तेल नकलमध्ये (चाकामागच्या, स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या घरात) उतरतंय आणि सीव्ही जॉइंटचं (वळलेल्या चाकालाही ताकद पोचवणाऱ्या सांध्याचं) ग्रीस धुऊन नेतंय. अशा नकलमध्ये कितीही ग्रीस भरा, पुन्हा पातळ होणार. शिवाय तिकडे डिफरन्शियलची पातळी खाली जात असते, तिच्याकडे कुणी बघत नाही.

सील का जातं? वयामुळे जातं, पण माझा पहिला संशय ब्रीदरवर, म्हणजे ॲक्सलमधली हवा आत-बाहेर सोडणाऱ्या छोट्या तोटीवर असतो. तो चिखलाने बुजला की गरम झालेली हवा सीलमधून वाट काढते. उलट प्रकार आपल्या मुंबईत जास्त. तापलेला ॲक्सल हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात बुडतो, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी खेचलं जातं. दोन्ही ॲक्सलचे ब्रीदर साफ करा, जमलं तर नळी जोडून बॉनेटच्या उंचीपर्यंत न्या. खर्च किरकोळ आहे. नवीन सीलच्या आधी हेच करा.

आता नकल उघडायचाच. कॅलिपर (डिस्क ब्रेकचा चिमटा) तारेने टांगा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका. जॉइंट डिझेलमध्ये धुऊन पूर्ण सुकवा, मग बॉल आणि त्यांच्या खाचा उजेडात बघा. खड्डे पडले असतील तर कटकट तिथली आहे आणि जॉइंट बदलावाच लागेल. खाचा गुळगुळीत असतील तर लिथियम बेसचं, मोलिब्डेनम डायसल्फाइडवालं ग्रीस बोटांनी दाबून भरा. जुनं ग्रीस कोणतं होतं कळत नसेल तर त्यावर नवीन चढवू नका, सगळं काढा. नकल पाऊण भरला की पुरे. शाफ्ट परत घालताना त्याचा भार सीलवर येऊ देऊ नका, नवीन सील फाटतं ते बहुतेक इथेच.

बाहेरच्या गोल हाउसिंगवर गंजाचे खड्डे असतील तर ते बाहेरचं सील खरवडतात. बारीक पॉलिश पेपरने घासून ग्रीसचा पातळ हात फिरवा. किंगपिन (नकल ज्यावर वळतो ती खीळ) बेअरिंगचा ताण शिमनेच (पातळ पत्र्याच्या चकतीनेच) लावायचा आणि बाहेरचं सील काढून, नकल स्प्रिंग काट्याने ओढून मोजायचा. हाताच्या अंदाजावर सोडलं तर स्टिअरिंग एक तर जड होतं, नाही तर थरथरतं. गाडी जॅकवर असतानाच चाक वर-खाली हलवा, दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. प्ले (ढिलेपणा) गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन.

प्रॉपेलर शाफ्टचे (ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे टोकांचे अधिक चिन्हासारखे सांधे, सोपे आहेत. चारही कपांतून नवीन ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत गन चालवा. एखाद्या कपातून येत नसेल तर तो कोरडा आहे, शाफ्ट फिरवून पुन्हा मारा, तरीही नाही आलं तर क्रॉस बदला. हळू चालताना लयीत चूं-चूं आणि रिव्हर्स टाकताना ठक्‌ ही त्याचीच लक्षणं. शाफ्ट काढण्याआधी स्लिप जॉइंटवर (आत-बाहेर सरकणाऱ्या दातेरी सांध्यावर) दोन्ही बाजूंना खूण करा. एक दातही चुकला तर गाडी कंपायला लागते.

वेळेबद्दल माझं मत लोकांच्या उलट आहे. सगळे मे महिन्यात ग्रीसिंग करतात. जूनआधी ब्रीदर आणि क्रॉस पुरेत. नकल आणि डिफरन्शियलचं गिअर ऑइल दसऱ्याच्या सुमारास उघडा, कारण पावसाळ्यात शिरलेलं पाणी तसंच राहिलं की हिवाळाभर आत बसून बेअरिंग गंजवतं. तेल दुधाळ दिसलं तर लगेच बदला, ग्रेड ८०डब्ल्यू-९०, जीएल-५. आणि ड्रेन बोल्टला हात लावण्याआधी भरायचा बोल्ट सुटतोय याची खात्री करा.

सील ऑपेरा हाउसला किंवा कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळेल. जुनं सोबत न्या, ओठाची स्प्रिंग आणि रबराचा मऊपणा बघूनच पैसे द्या.