ॲपमधला शब्द खटकतोय? बदला!

प्रश्न : मी वापरते त्या मुक्त (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) ॲपमधलं मराठी फार ओढूनताणून केलेलं आहे, काही ठिकाणी तर अर्थच चुकलाय. माझ्याकडे फक्त फोन आहे. मला ते सुधारता येईल का?

उत्तर : नक्की येईल, आणि सुरुवातीला याहून चांगलं काम नाही. एफ-ड्रॉइडवर (मुक्त ॲप मिळण्याचं ठिकाण) ॲपच्या माहितीत सोर्स कोडचा, म्हणजे ॲप ज्यातून बनतं त्या मूळ मजकुराचा, आणि बऱ्याचदा भाषांतराचाही दुवा असतो. अनेक मुक्त ॲपची भाषांतरं वेबलेट या भाषांतराच्या संकेतस्थळावर चालतात. तिथे खातं उघडलं की फोनच्या ब्राउझरमध्येच एकेक वाक्य दुरुस्त करता येतं. वाक्याशेजारी त्याचं कोडमधलं नाव दिसतं, ते आधी वाचा. 'ओपन' बटणावर असेल तर 'उघडा', ग्रंथालयाच्या वेळेपुढे असेल तर 'सुरू आहे'. संदर्भ न बघता भाषांतर केलं की नेमकं इथेच फसतं.

खरी गडबड होते ती टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या, '%1$d' सारख्या खुणांमध्ये. ॲप चालताना तिथे आकडा किंवा नाव येऊन बसतं. '१० पैकी ३ फाइली' हेच इंग्रजीत सांगताना ३ आधी येतो, मराठीत १० आधी. म्हणजे इंग्रजीतली पहिली खूण मराठीत दुसऱ्या जागी गेली पाहिजे. खुणा जशाच्या तशा उचला, फक्त जागा बदला. नाहीतर पडद्यावर '३ पैकी १० फाइली' उमटतं. खुणेतला आकडा मात्र देवनागरीत लिहू नका आणि खूण मध्येच तोडू नका. तसं केलंत, तर ते वाक्य दाखवायची वेळ आली की ॲप बंद पडू शकतं.

प्रश्न : संगणकावर कोड उतरवून थोडा बदल केला. एपीके (ॲप बसवायची फाइल) तयार झाली, पण फोनवर बसतच नाही. 'पॅकेज कॉन्फ्लिक्ट'चा संदेश येतो.

उत्तर : तुमचा बदल बहुधा बरोबर आहे, सही वेगळी आहे. प्रत्येक एपीकेवर बनवणाऱ्याच्या किल्लीची डिजिटल सही असते. मूळ ॲप ते बनवणाऱ्यांच्या किल्लीने सही केलेलं, तुमचं अँड्रॉइड स्टुडिओने (ॲप बनवायच्या साधनाने) तयार केलेल्या डीबग, म्हणजे चाचणीपुरत्या किल्लीने. नाव तेच आणि सही निराळी, म्हणून अँड्रॉइड ते अडवतं. हे योग्यच आहे. नाहीतर कोणीही तुमच्या ॲपवर आपली नक्कल चढवून त्यातला डेटा वाचला असता.

मूळ ॲप घाईने काढू नका, त्यासोबत त्यातला डेटाही जातो. ग्रेडलच्या (कोडमधून एपीके बांधणाऱ्या साधनाच्या) फाइलमध्ये डीबग बिल्डसाठी ॲप्लिकेशन आयडीला, म्हणजे अँड्रॉइड ॲपला ज्या नावाने ओळखतं त्याला, '.डीबग' असा प्रत्यय जोडा (अर्थात रोमन अक्षरांत). मग दोन्ही ॲप शेजारी-शेजारी नांदतात. तरीही अडलं तर मॅनिफेस्टमध्ये (ॲपची ओळख सांगणाऱ्या फाइलमध्ये) प्रोव्हायडरची, म्हणजे डेटा पुरवणाऱ्या भागाची, 'ऑथॉरिटी' (त्याचं ओळखनाव) जुन्याच नावाने थेट लिहून ठेवली आहे का ते तपासा.

प्रश्न : यासाठी फोनचा बूटलोडर (फोन सुरू करताना प्रणाली चालू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक करावा लागतो का?

उत्तर : अजिबात नाही. ते लागतं अख्खी प्रणाली बदलताना, आणि अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो.

प्रश्न : बदललेलं ॲप इतरांना देता येईल?

उत्तर : मुक्त लायसन्स असेल तर येईल, पण ते आधी वाचा. स्वतःपुरता वापर असेल तर जीपीएल या लायसन्समध्येही कोड कोणाला द्यावा लागत नाही. एपीके दुसऱ्याला दिलीत, की त्याला तुमच्या बदलांसकट सोर्स मिळाला पाहिजे. अपाचे २.० या दुसऱ्या लायसन्समध्ये तशी सक्ती नाही. मात्र मूळ सूचना ठेवायच्या आणि फाइल बदलल्याचं नमूद करायचं. नाव आणि चिन्ह स्वतःचं घ्या, ट्रेडमार्कचा हक्क लायसन्ससोबत मिळत नाही. वाटण्याआधी स्वतःची किल्ली तयार करून तिची प्रत दोन ठिकाणी जपा. ती हरवली तर ज्यांना ॲप दिलंत त्यांना पुढची आवृत्ती जुन्यावर चढवता येणार नाही.