बायपॅपवर असताना पालथं झोपवलं तर व्हेंटिलेटर टळतो का?

वडिलांना न्यूमोनियामुळे बायपॅप (घट्ट मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लावलाय आणि डॉक्टर पालथं झोपायला सांगताहेत, हे सुरक्षित आहे का आणि त्याने व्हेंटिलेटर टळेल का, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं आयसीयूत नर्स आहे. नीट लक्ष ठेवलं तर पालथं झोपवता येतं. व्हेंटिलेटर टळेलच असं मात्र कुणी सांगू शकत नाही.

फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो. उताणं झोपलं की त्यावर हृदयाचा आणि सुजलेल्या फुप्फुसाचा भार येतो, तिथले वायुकोश (हवेच्या बारीक पिशव्या) मिटतात. रक्त मात्र तिकडेच जास्त जात राहतं आणि ऑक्सिजन न घेताच परततं. पालथं केल्यावर ते वायुकोश उघडायला लागतात, म्हणून सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) कधीकधी लगेच चढतं.

२०१३च्या प्रोसेव्हा नावाच्या वैद्यकीय चाचणीत पालथं ठेवलेल्या गटात २८ दिवसांतले मृत्यू १६ टक्के होते, उताणं ठेवलेल्या गटात जवळपास ३३. पण त्या सगळ्यांना श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर लावलेला होता. जागेपणी पालथं झोपण्याचा मोठा अभ्यास २०२१ साली आला. हाय फ्लो ऑक्सिजनवरच्या (नाकातून जोराच्या प्रवाहाने दिला जाणारा) अकराशेहून जास्त कोविड रुग्णांमध्ये नळी घालायची वेळ ४० ऐवजी ३३ टक्क्यांवर आली, मृत्यूंमध्ये मात्र ठोस फरक दिसला नाही. तेही हाय फ्लोवरचे रुग्ण. बायपॅपच्या मास्कवाल्यांबद्दलचा पुरावा यापेक्षा तोकडा आहे. त्या अभ्यासात ज्यांनी रोज आठ तास किंवा जास्त वेळ पालथं काढला त्यांचं जास्त बरं झालं. (अर्थात ज्याला इतका वेळ सोसतं, तो मुळातच कमी आजारी असू शकतो.)

मास्क लावून पालथं होणं कटकटीचंच असतं. मान एका बाजूला वळली की मास्क उशीवर दाबला जातो आणि हवा गळते. छातीखाली आणि कमरेखाली उशा द्यायच्या, पोट मोकळं ठेवायचं, मशीनची नळी ओढली जाणार नाही असं बघायचं. जेवल्यावर लगेच नको. पूर्ण पालथं जमत नसेल तर अर्धवट कुशीवरही चालेल, पण जबरदस्ती करू नका. घाबरलेला माणूस आणखी जोरात श्वास ओढतो. गुंगीत असलेल्या किंवा उलट्या होणाऱ्या माणसाला मास्कसह पालथं करू नये.

माझ्या मते सगळ्यात फसवा असतो तो मॉनिटरवरचा सॅच्युरेशनचा आकडा. तो ९४ दिसतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि इकडे रुग्ण मिनिटाला पस्तीस श्वास घेतोय, मानेचे स्नायू ताणले जाताहेत, एक वाक्य धड बोलता येत नाही. इतक्या जोराने श्वास ओढत राहिलं तर आजारी फुप्फुसाला आणखी इजा होऊ शकते, आणि नळी घालायला उशीर झाला की धोका वाढतो. म्हणून पालथं केल्यावर तास-दोन तासांनी श्वासांचा वेग उतरला का, धाप कमी झाली का, हे डॉक्टरांना विचारा. वडील सुस्तावले, असंबद्ध बोलू लागले किंवा दमून गेले, तर आकडा कितीही चांगला असू दे, तिथल्या तिथे नर्सला बोलवा.