सिगारेटने लक्ष लागत नाही, तलफ भागते

सावंतवाडीपासून दापोलीपर्यंतची विशीतली मुलं तेच तेच विचारतात, म्हणून पुन्हा लिहितो.

प्रश्न : मी २१ वर्षांचा, रत्नागिरीत स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. सिगारेट ओढल्याशिवाय अभ्यासात लक्षच लागत नाही. मग सोडू कशाला?

या एका समजापायी किती मुलं अडकली आहेत! नीट वाच. झुरका मारल्यावर निकोटीन १०-२० सेकंदांत मेंदूत पोचतं, डोपामिन वाढतं, बरं वाटतं. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूत निकोटीन धरणाऱ्या जागा वाढत जातात. दोनेक तासांत रक्तातलं निकोटीन निम्मं होतं आणि त्या जागा मागणी करायला लागतात. चिडचिड होते, एकच ओळ चारदा वाचावी लागते. पुढची सिगारेट ती तगमग थांबवते, आणि तुला वाटतं लक्ष लागलं. कधीच न ओढणाऱ्या तुझ्या मित्राचं लक्ष तर सकाळपासूनच लागलेलं असतं.

'आत्ता नको' असं म्हणणारा कपाळामागचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. ओढणारे लोक उद्याच्या मोठ्या फायद्यापेक्षा आत्ताच्या लहान फायद्याकडे जास्त झुकतात, असं अभ्यासांत दिसतं. मुळात उतावळी मुलं सिगारेटकडे लवकर वळतात हेही खरं, पण म्हणून धोका कमी होत नाही. परवा समोर बसलेल्या मुलाने पाच मिनिटांत चारदा खिसा चाचपला. पाकीट बाहेर गाडीच्या डिकीत होतं, हे त्याला ठाऊक होतं.

लक्ष न लागण्यामागे अपुरी झोप, चिंता, नैराश्यही असू शकतं. मानसोपचारतज्ज्ञांना भेट, परीक्षा होईपर्यंत थांबू नकोस.

प्रश्न : मुंबईचा चुलतभाऊ व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, आणतो. त्यात नुसती वाफ असते ना?

नाही. बहुतेकांत निकोटीनच असतं. आंब्याचा वास घालून पोरांच्या हातात विष देण्याचा हा धंदा आहे. देशात २०१९ पासून विक्रीवर बंदी आहे.

प्रश्न : मुलाने सिगारेट सोडून आजीची मिश्री लावायला घेतली. चालेल?

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, ताई. दोघांचंही तोंड दंतवैद्यांकडून तपासून घ्या.

प्रश्न : मी हर्णैचा, बोटीवर खलाशी आहे, वय २३. विडी सोडली की तिसऱ्या दिवशी डोकं फिरतं. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, म्हणतो, ज्याच्या मनात जोर असतो त्यालाच सुटते.

तांडेलाचं ऐकू नकोस. त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सर्वांत जास्त असतो, दोन-चार आठवड्यांत ओसरतो. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत घरी असतोस, तेव्हा सोड. चहा निम्मा कर : धूर बंद झाला की चहातलं कॅफीन अंगात जास्त वेळ राहतं आणि धडधड वाढवतं. निकोटीनचा च्युइंगम किंवा गोळी मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नकोस, डॉक्टरांना विचारून घे. सुरुवातीला १८००-११२-३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर फोन कर. तलफ येण्याआधीच कर.