भागीदारातला 'दार' कुठला?

प्रश्न असा : एका कंपनीच्या मराठी पत्रकात शेअर घेणाऱ्यांना 'आमचे भागीदार' म्हटले आहे. भागीदार आणि भागधारक एकच का?

मुळीच नाही. ही गफलत इतकी बोकाळली आहे की आता घरपोच जेवण आणून देणाऱ्या मुलालाही 'वितरण भागीदार' म्हणतात. नफ्यात त्याचा दमडीचा वाटा नाही, मग तो भागीदार कसला? 1932 च्या भागीदारी कायद्याचे कलम 4 स्पष्ट आहे : नफा वाटून घेण्याचा करार हवा, आणि धंदा सगळ्यांनी किंवा सगळ्यांच्या वतीने कुणीतरी चालवलेला हवा. 'सगळ्यांच्या वतीने' हे त्यातले मर्म. म्हणून एकाने पेढीच्या धंद्यासाठी केलेली उधारी बाकीच्यांच्याही डोक्यावर बसते, आणि कलम 25 मुळे धनको सगळी रक्कम कुणा एकाच भागीदाराकडेही मागू शकतो. भागधारकाने शेअरची पूर्ण रक्कम भरली की कंपनीच्या कर्जापायी त्याच्या घरावर टाच येत नाही.

कायद्याचे एवढे पुरे. शब्दांत खरा आनंद पुढे आहे. कायद्याने इतके लांब ठेवलेले हे दोन शब्द सख्खे भाऊ आहेत! 'दार' हा फारसी दाश्तन, म्हणजे धरणे, बाळगणे, या क्रियापदाचा अंश. संस्कृतात भ, ध असे महाप्राण येतात तिथे इराणी भाषांत ब, द येतात : भ्रातृ तिकडे बिरादर, भूमि तिकडे बूम. त्याच न्यायाने आपला 'धृ' तिकडे 'दर्', आणि 'धारक'मधला 'धार' तिकडे 'दार'. इराणचा सम्राट डेरियस याचे मूळ नाव दारयवउश, म्हणजे जे चांगले ते धरून ठेवणारा. बेहिस्तूनच्या कड्यावर अडीच हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या त्या नावातला 'दार' आजही आपल्या भागीदारीच्या करारनाम्यात बसला आहे. हे कळल्यावर 'दार' यावनी म्हणून हाकला असे सांगणाऱ्या शुद्धीवाद्यांचा मला रागच येतो. हाकलून त्या जागी आणणार काय, तर 'धारक'. म्हणजे त्याच घरातला माणूस.

आता 'भागी'. ही संस्कृत 'भागिन्' म्हणजे वाटेकरी, त्याला 'दार' जोडला, असे सांगतात. मला हे साफ अमान्य आहे. 'दार' वस्तूला किंवा गुणाला लागतो, माणसाला नाही : जमीनदार, किल्लेदार, हिस्सेदार, रुबाबदार. वाटेकऱ्यालाच 'दार' लावला तर 'वाटेकरीदार' म्हणण्यासारखे होईल. म्हणून इथली 'भागी' म्हणजे खुद्द भागीदारी, समाईकपणा. पुरावा हवा? 'भागीचे घोडे किवणाने मेले.' घोडे भागीचे, म्हणजे सामाईक. जखम चिघळली तरी कोणीच बघितले नाही. या म्हणीत 'भागी' माणूस असूच शकत नाही. 'ठेवीदार'सारखे हे सामान्यरूप आहे, असा एक आक्षेप येतो. पण ठेव स्त्रीलिंगी, तिचे 'ठेवी' होते; भाग पुल्लिंगी, त्याचे 'भागा' होते. तो आक्षेप तिथेच संपतो. कोशांनी 'भागिन्' खोडून 'भागी' लिहावे, असे माझे ठाम म्हणणे आहे.

आणि 'भागीदार' हा शब्द सैल वापरणाऱ्या पेढ्यांनी कलम 28 जरूर वाचावे. पगारी व्यवस्थापकाची ओळख व्यापाऱ्यासमोर 'हे आमचे भागीदार' अशी करून दिली, तो जाणूनबुजून गप्प राहिला आणि त्या भरवशावर व्यापाऱ्याने माल उधार दिला, तर त्या उधारीपुरता कायदा त्या व्यवस्थापकाला भागीदारासारखाच जबाबदार धरतो.