हललेला फोटो आणि सहा फुटी प्रिंट

शटर मुद्दाम जास्त वेळ उघडं ठेवून काढलेले पैठणच्या नाथषष्ठीचे धूसर फोटो तुम्ही टाकलेत आणि खाली चौघांनी ‘हललाय, डिलीट मारा’ म्हणून सल्ला दिला. भाऊ, अजिबात मारू नका. डोक्यावर तुळस घेऊन थांबलेली मावशी आणि भोवती हललेल्या पताकांचा नुसता भगवा धूर, तो फोटो सहा फूट रुंद काढायचं तुमच्या मनात आहे ते बरोबरच आहे.

ट्रायपॉडचं सांगत नाही. लेन्सपुढचा उजेड अडवणारा काळा फिल्टर मात्र बदला. फाल्गुनातल्या उन्हात आयएसओ 100, एफ/16 या सेटिंगला शटर 1/100 सेकंदाच्या आसपास येतं. 10 स्टॉपचा (एकेक स्टॉप उजेड निम्मा करतो) फिल्टर लावला की त्याचे 10 सेकंद होतात आणि चालती दिंडी पार पुसली जाते. 6 स्टॉपवर अर्धा-पाऊण सेकंद मिळतो. पताका विरघळतात, माणूस उरतो. रशियन फोटोग्राफर अलेक्सेई तितारेंकोनं 1990 च्या दशकात सेंट पीटर्सबर्गला काढलेली मेट्रोच्या पायऱ्यांवरची गर्दी बघा. माणसांचा धूर झालाय, पण कठड्यावरचे हात दिसतात. नजरेला तेवढा आधार लागतोच. हे माझं मत, पटलं तर घ्या.

आता खरं दुखणं. माझा असाच फोटो मी आमच्याकडच्या एका मोठ्या प्रिंटिंगवाल्याकडे दिला. नाव घेत नाही. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी गुंडाळी उघडली, तर प्रत्येक पताकेला करकरीत पांढरी कड आणि धुरात वाळू सांडल्यासारखे दाणे. ऑपरेटर खुशीत म्हणतो, “सर, फोटो हलला होता, शार्प करून दिला. त्याचे एक्स्ट्रा नाही लावले.” परत काढून मागितला तर मालक म्हणे, मशीन उद्या दुपारनंतर मोकळं. पैसे गेले ते गेले, भिंतही रिकामी राहिली. वर बिलावर ‘बॅनर’ लिहिलेलं!

म्हणून आधी फोटोतल्या मावशीच्या चेहऱ्याची फूटभर पट्टी पूर्ण मापात काढून घ्या. कुरकुर करतील, पैसे देऊन टाका. ‘शार्पनिंग नको, रंग सुधरवू नका’ हे ऑर्डरवरच लिहून घ्या. पिक्सेलची चिंता नको. 6000 पिक्सेल सहा फुटांवर पसरले तरी इंचाला 83 येतात; असला फोटो लांबून बघतात, चालून जातं. फ्लेक्सवर मात्र काढू नका, काळा रंग राखाडी दिसतो. निदान मला तरी तसाच मिळाला.

आणि गोदेच्या वाळूत उभे होतात ना? ट्रायपॉडचे पाय खोलून पुसा, नाहीतर पुढच्या वर्षी नटच फिरायचे नाहीत.